शालिकरामने धरलेला दोर

चिमूरकडच्या एका गावात शालिकरामच्या नाकावर शंका घ्यायची सोय नव्हती. तलावाच्या काठावर उभं राहून नुसत्या वासावरून रोहू कुठं आहे ते सांगतो, ही थाप तो स्वतःच मारायचा आणि मासे धरणाऱ्या ढिवरांची सारी आळी ती खरी मानायची. मग दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरला बांधकामावर तो परांचीवरून पडला. कंबर गेली ती गेलीच. त्याला उठवायला-बसवायला बायको गिरजा घरी राहिली. धानाच्या रोवणीच्या टोळीतली सगळ्यांत चपळ बाई गेली म्हणून टोळी मागं पडली, आणि टोळीतल्या बाया अजून तिच्या नावानं बोटं मोडतात. मोडली एकाची कंबर, पण वाकले किती जण बघा!

गावाचा रिवाज असा, की उन्हाळ्यात तलाव उतरला की मोठं जाळं ओढायचं. ज्या घरचा माणूस पाण्यात उतरेल, त्या घराला मासळीचा वाटा. लागोपाठ तीन सालं कोणी उतरलं नाही, तर त्या घराची जाळ्यावरची जागाच जाते. शालिकरामची दोन सालं बुडाली होती. मूलबाळ नव्हतं.

"मले उतरू द्या ना," गिरजा म्हणाली.

"बाईनं दोर धरला तं गाव हासते. मी धरला तं मासे हासतीन. हासू दे."

तिचं जुनं लुगडं कंबरेला आवळून तो पाण्यात उतरला. जाळ्याचा म्होरक्या बुधू ओरडला, "शालिकभाऊ, मासे नाकानंच धरा, दोर आमी पाह्यतो!" सारे हसले. तोही हसला आणि टोकाचा दोर धरून उभा राहिला.

अर्ध्या तलावापर्यंत जमलं. मग कंबरेत कळ उठली आणि पाय त्याचे राहिलेच नाहीत. दोर सुटला. जाळ्याची ती बाजू सैल पडली आणि वर्षभर पोसलेली मासळी त्याच्या मांड्यांना घासत निघून गेली. जाणारी एकेक त्याला कळत होती.

तीस घरांच्या टोपल्या जवळजवळ रिकाम्या राहिल्या, तरी कोणी ब्र काढला नाही. एरवी मूठभर झिंग्यांवरून डोकी फोडणारी माणसं ती! बुधूनं त्याला बगलेत धरून काठावर बसवलं.

"अरे, एखादी शिवी तरी दे," शालिकराम म्हणाला.

"राहू द्या भाऊ. पुढच्या सालापासून तुमी घरीच राहा. तुमचा वाटा पोचवून देऊ वयनीकडे."

नाही म्हणायची त्याची ऐपत नव्हती. सारे जाळं धुवायला वळले. त्याला कोणी हाक मारली नाही. तो चिडून घरी निघायला गेला, पण उठताच येईना. गिरजा येईपर्यंत तिथंच बसून राहिला.