'किसी' म्हणजे कोण

लखनौत इतकी वर्षं काढल्यावर आमच्या घरात एक समजूत पक्की होऊन बसली होती. मराठी म्हणजे आपलं कुलूप. सब्जीवाल्याच्या तोंडावर "हा लुटतोय, पुढे चला" म्हणा, पाहुण्यांसमोर "दूध संपलंय, चहाचं विचारू नका" म्हणा, कोणाला काही कळत नाही. आमची मुलगी तेवढी घोटाळा करायची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची. "दूध तो है, मम्मी," असं ती पाहुण्यांसमोरच म्हणाली होती. तरीही आमचा कुलपावरचा विश्वास काही उडाला नाही.

माझा नवरा शास्त्रज्ञ. इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी केली आणि निवृत्त झाला. मी अलीगंजच्या एका शाळेत भूगोल शिकवला. माझी पेन्शन माझ्या खात्यात जमा होते, कार्डावर नाव माझं आहे. पण त्या कार्डाचा पिन नवऱ्याने ठरवलेला आणि त्याच्याच डोक्यात ठेवलेला. "तू विसरशील," हे त्याचं कारण. शाळेतल्या मुलांना जगातल्या नद्या मी पाठ म्हणून दाखवायचे, पण चार आकडे मी विसरणार! तेव्हा मी वाद घातला नाही, कारण सोयीचं वाटलं. मग आमची पद्धतच पडली. एटीएमच्या खोलीत मी मशीनसमोर उभी राहायचे, तो काचेचं दार कोपराने धरून उभा राहायचा, आणि तिथून खणखणीत आवाजात आकडे सांगायचा. मराठीत. म्हणजे कोणाला कळायला नको.

तो पिन आता बदललाय, म्हणून सांगून टाकते. तीन, सात, चार, आठ. आता हेच हिंदीत म्हणून पाहा. कानामात्रेचा फरक नाही. दोन असता, सहा असता, तर निदान थोडा तरी आडोसा मिळाला असता. पण एवढ्या शिकलेल्या माणसाने नेमके असे चार आकडे निवडले, जे दोन्ही भाषांत सारखेच, आणि मराठीत बोलतोय म्हणून निर्धास्तपणे ते गल्लीला ऐकवले.

त्या दिवशी मे महिन्यातली दुपार होती. इंदिरा नगरच्या बाजारातल्या एटीएममध्ये आम्ही गेलो. आत एक तरुण माणूस आधीच होता, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. त्याचं काम झालेलं दिसत होतं, तरी तो एसीखाली रेंगाळला होता. बाहेर लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, वाहत होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी कार्ड घातलं. दारातून नवऱ्याने नेहमीप्रमाणे चौकडी म्हटली. मी बटणं दाबली, पण पैसे आले नाहीत, मशीनने कार्ड परत दिलं.

"आंटी, आपने उल्टा डाल दिया. लाइए, मैं देख लूँ," तो माणूस म्हणाला आणि मी हो-नाही म्हणायच्या आत कार्ड त्याच्या हातात होतं. त्याने ते शर्टाला पुसलं, मशीनमध्ये घातलं, काढलं. "सर्वर डाउन है आंटी, शाम को आइएगा," म्हणत कार्ड माझ्या हातावर ठेवलं आणि दाराकडे वळला.

मला एक खोड आहे. हातात छापील काही आलं की मी वाचते. औषधाची बाटली असो की भेळेचा कागद. मी कार्ड वाचलं. रंग तोच, बँक तीच. नाव कुणा पुरुषाचं.

"रुको. ये मेरा कार्ड नहीं है."

"वही है आंटी. धूप से आई हैं, ठीक से दिख नहीं रहा आपको."

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं कार्ड खिशात घालून वर मलाच आंधळी ठरवतोय! मी नवऱ्याच्या पुढे होऊन दारात ठाण मांडलं आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज काढला. "कार्ड निकालो. अभी." समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीवरची माणसं वळून बघायला लागली. नवरा माझी बाही ओढत हळूच म्हणत होता, "अगं, जाऊ दे त्याला, चाकूबिकू असेल." घाबरायला हवं होतं हे खरं, पण मी घाबरले नाही, भयंकर चिडले होते. त्या माणसाने बाहेरची माणसं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, खिशातून माझं कार्ड काढून जमिनीवर टाकलं आणि मी ते उचलायला वाकले तेवढ्यात तो आमच्या दोघांच्या मधून निसटून स्कूटरवर बसून गेला.

तिथूनच मी कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावला आणि कार्ड बंद करून टाकलं. आकडे त्याने ऐकले होते, कार्ड त्याच्या हातात जाऊन आलं होतं, ते ठेवून काय पूजा करायची होती? हातात राहिलेल्या त्या परक्या कार्डाचंही त्याच फोनवर सांगितलं.

मला वाटलं, घरी गेल्यावर शाबासकी मिळेल. निदान "माझं चुकलं" एवढं तरी. नवरा पाणी प्यायला, पंख्याखाली बसला आणि त्याने निर्णय जाहीर केला. "यापुढे तू मशीनवर जायचं नाहीस. जमाना वाईट आहे. नवं कार्ड आलं की माझ्याकडे दे, मी काढून आणत जाईन."

मी मुलीला फोन लावला. ती बेंगळुरूला असते. तिला सगळं सांगितलं, अगदी 'तीन सात चार आठ'सकट. ती पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "लेकिन मम्मी, पापा ठीक कह रहे हैं. आप क्यों रिस्क लेती हो?"

म्हणजे पिन ओरडला त्याने, चोर पकडला मी, आणि घरी बसायचं मी! रागाने मला रडू आलं. पैशाचा प्रश्न नव्हता, घरात त्याची कमाई कधी कमी पडली नाही. पण ही पेन्शन माझ्या घशाची आहे, खडूच्या धुळीची आहे. ती काढायला मला कोणाकडे मागावं लागणार, "अहो, जरा आणून द्या ना" म्हणावं लागणार, हे मला चालणार नव्हतं. मी ठरवलं, कार्ड द्यायचं नाही.

नवं कार्ड घ्यायला मी अलीगंजच्या शाखेत एकटी गेले. काउंटरवरच्या मुलीने माझ्या मागे पाहून विचारलं, "अंकल नहीं आए?" मी म्हटलं, "खाता अंकल का नहीं है." ती हसली आणि पिन मशीनवर कसा बनवायचा ते तिने सांगितलं. शाखेबाहेरच मशीन होतं, पण तिथे रांग होती आणि मला कोणी मागे उभं राहायला नको होतं. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी निघाले तर नवराही चपला घालून तयार. "मी दाराशी उभा राहतो फक्त." कॉलनीतल्या मशीनच्या खोलीत कोणी नव्हतं. मी आत गेले आणि दार लावून घेतलं, तो बाहेर. त्याने काचेवर टकटक केली, मी वळले नाही. बटणांवर डाव्या हाताचं छत धरलं, नवा पिन घालताना आकडे मनातल्या मनात म्हटले, ओठही हलू दिले नाहीत. थोडे पैसे काढले, तिथेच पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले, कार्डावरचं नाव वाचलं आणि मगच दार उघडलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "पिन काय ठेवलास?"

"तिथे भिंतीवर पाटी आहे. 'अपना पिन किसी को न बताएँ.'"

"मी 'किसी' आहे का?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने असा हिरमुसलेला चेहरा क्वचित केला होता. मी कार्ड पर्समध्ये ठेवत म्हटलं, "पाटीवर 'नवरा सोडून' असं लिहिलेलं नाही."

"आणि उद्या तुला काही झालं तर?"

"तर नॉमिनी तुम्हीच आहात, बँक देईल तुम्हाला. मी जिवंत आहे तोवर खातं माझं आहे."

तो उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. तरीही आकडे सांगितले नाहीत.