उपड्या ताटाखालची कातळी

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मी बोलते आणि माझी सून मनीषा फोनवर लिहून घेते. तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारू नको, नायतर ते माझं राहणार नाय.

तुमचे इथले भुताखेतांचे अनुभव ती मला वाचून दाखवते. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाला मागून हाक ऐकू येते... मी हसते. माझं माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. तिकडे प्रत्येक वडाखाली कोणतरी बसलेलं असतं म्हणतात. मी त्याच वाटांनी लाकडाच्या मोळ्या आणल्या, मला कोण भेटलं नाय. लग्नानंतर लालबागला चाळीत आली, तर शेजारणी बोलायच्या, संडासाच्या बाजूला जळकी बाई उभी असते. मी बोलायची, दिसली तर तिला सांगा, उभीच आहेस तर नळावर माझा नंबर लाव. म्हणजे मी अशी. आणि हे जे झालं ते भर दुपारी साडेबाराला, दादरला हिंदमाताच्या मागच्या गल्लीत, आजूबाजूला माणसं असताना झालं.

आमचे हे — यशवंत — गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. त्याच साच्यावर दुसऱ्या पाळीला दत्ताराम. आमच्याच गावचा, यांच्याच वयाचा, लग्न न केलेला. आमच्या खोलीबाहेर गॅलरीत झोपायचा आणि आमच्यात जेवायचा. मला वैनी म्हणायचा. एकदा साच्यावरून आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि त्याच्या तोंडावर बसला. वरचा समोरचा एक दात गेला. तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरायचा.

दोघांचं ताट एकच. मी मुंबईला यायच्या आधी दोघं गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, तिथली ती सवय. तिथे वीस माणसं आणि भांडी कमी, म्हणून पाळी बदलली की एकाचं ताट दुसऱ्याकडे जायचं. पुढे माझ्याकडे ताटं झाली तरी यांनी ते सोडलं नाय. लालबागच्या भांडेवाल्याकडून त्यावर दोघांची नावं घालून आणली. दत्ताराम दुपारी जेवायचा, ताट धुवायचा, उपडं घालायचा आणि कामाला जायचा. हे चार वाजता येऊन तेच ताट उचलायचे. खाली दत्तारामने यांच्यासाठी काहीतरी ठेवलेलं असायचंच. खोबऱ्याची कातळी, गुळाचा खडा, कधी तळलेल्या बांगड्याची शेपटी. रात्रीच्या जेवणाला उलटं, हे त्याच्यासाठी ठेवायचे. मी बोलायची, दोघं बाप्ये काय भातुकली खेळताय? दत्ताराम बोलायचा, "वैनी, साच्यावर आमची गाठ पडत नाय, ती हय पडता."

मग गिरण्यांचा संप झाला. तो सगळ्यांना माहीत आहे, मी काय सांगू. पाळी गेली तरी ताट चालूच राहिलं. आधी तो, मग हे. खाली ठेवायला कातळी नसायची. मग शेंगदाणा. तोही नसला तर मिठाचा खडा. पण ताट उचललं आणि खाली काय नाय, असं झालं नाय.

एक दिवस सोडून. त्या दिवसाचं पुढे सांगते.

आता अलीकडचं. यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलं आणि विसर पडायला लागला. पहिल्यांदा भाजी आणायला जाऊन रिकामे यायचे, मग मला ओळखेनात. मी एकटी त्यांना धरून गॅलरीच्या टोकाला संडासला न्यायची. दोनदा दोघं पडलो. पोरगा-सून बदलापूरला, दोघांची नोकरी. ते सगळं मी काढलं असतं. पण यांनी जेवण सोडलं. ताट समोर ठेवलं की उपडं करायचे, परत उचलायचे, खाली बघायचे आणि ढकलून द्यायचे. चमच्याने भरवायला गेली की दात घट्ट मिटून घ्यायचे. आठ महिन्यांत निम्मे झाले. डॉक्टर बोलले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालायला लागेल, आणि ते ती ओढून काढणार, म्हणून हात बांधायला लागतील.

ज्या हातांनी आयुष्यभर तुटलेले धागे जोडले ते हात बांधायचे...

मनीषाने तेव्हा स्नेहलला शोधलं. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी कुठली जागा बरी, कोण नीट सांभाळेल, हे बघून देणाऱ्या अशा बायका हल्ली असतात. मी तोंडावर बोलली, खोल्यांचा दलाल असतो तशी तू म्हाताऱ्यांची दलाल काय गो? ती हसली. बोलली, दलाल खोली दाखवतो आजी, मी संडास दाखवते. आधी नर्स होती. अंगाने बारीक, खांद्याला मोठी पिशवी, त्यात एक वही.

एका आश्रमाचे फोटो पोराला लय आवडले होते, बाग होती, झोपाळा होता. स्नेहल न सांगता जेवणाच्या वेळेला घेऊन गेली. मी बाग बघत होती, ती आत म्हाताऱ्यांचे हात हातात घेऊन बघत होती. एका आजोबांच्या मनगटावर फडक्याचे वळ होते. पाण्याचे पेले असे ठेवलेले की झोपलेल्याचा हात पोचू नये, म्हणजे अंथरूण ओलं करत नायत. स्नेहल माझ्या कानात बोलली, "आजी, इथे नको," आणि चप्पल घालून बाहेर. दुसरी जागा गिरगावात फणसवाडीत. ती चांगली, पण तिथल्या बाई सरळ बोलल्या, स्वतः न जेवणारा माणूस आम्हाला झेपणार नाही, खोटं सांगून ठेवून घेणार नाही. स्नेहलने त्यांचे आभार मानले. मला राग आला. ती बोलली, आजी, नाही म्हणणारी माणसं बरी असतात.

मग ती आमच्या खोलीवर आली आणि यांच्यासमोर जमिनीवर बसली. मला बोलली, "बाबा जेवत नाहीत हे सगळ्यांनी सांगितलं. ताट समोर आलं की ते काय करतात, ते सांगा मला."

मी सांगितलं, उपडं करतात. ताटाची जुनी गोष्टही सांगितली. तिने लगेच करून बघायला लावलं. मी ताट उपडं घातलं, खाली गुळाचा खडा ठेवला. यांनी उचललं, खडा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं.

"ह्यो तुझो," बोलले. "दत्तो जेवक नाय अजून. तो जेवल्याशिवाय मी कसो जेवू?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा एवढं बोलले. स्नेहलने वहीत लिहिलं आणि विचारलं, हे दत्ताराम तुमच्याकडून गेले तेव्हा यांच्यात काही झालं होतं का?

मनीषा त्या दिवशी आलेली होती, तिला मी दूध आणायच्या निमित्ताने खाली पाठवलं. मग सांगितलं. आता ती हे लिहितेय तेव्हा तिला सगळं माहीत आहे. संप लांबला तेव्हा हे एक दिवस गिरणीच्या गेटच्या आत कामाला गेले होते. पोरगा दोन वर्षांचा, तापाने फणफणत होता, घरात काय नव्हतं. बाहेर हजारो माणसं कळ काढतात आणि आपला माणूस आत जातो, ही गोष्ट आमच्या चाळीत कोण तोंडातून काढत नाय. दत्तारामला कळलं. तो दुपारी जेवला, ताट धुतलं, उपडं घातलं, ट्रंक उचलली आणि गावच्या एसटीत बसला. हे आले, त्यांनी ताट उचललं. खाली काय नव्हतं. मिठाचा खडासुद्धा नाय.

पाच-सहा वर्षांनी दत्ताराम गावी वारला. हे गेले नाय. ते ताट मी फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं होतं.

स्नेहलने वही मिटली. मग बोलली, ते ताट काढा.

तिसरी जागा ही हिंदमाताची. जुन्या इमारतीचा तळमजला, पंधरा-सोळा माणसं, फिनेलचा वास कमी आणि फोडणीचा जास्त. स्नेहलने ठरवलं होतं, यांना एक जेवण तिथे करू दे, मग बघू. तिथल्यांची स्टीलची कप्प्यांची ताटं. मी पिशवीतून आमचं काढलं, तिथल्याच नळाखाली घासलं, पदराने पुसलं, टेबलावर यांच्यासमोर उपडं घातलं. खाली मी काय ठेवलं नाय. हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. स्नेहलनेच सांगितलं होतं, तुमचं ठेवलेलं ते ओळखतात, आज रिकामंच असू दे. मग ती मला स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेली. पाच मिनिटं, जास्त नाय. यांच्याजवळ शालन म्हणून सांभाळणारी होती, शेजारच्या आजीची वेणी घालत.

परत आली तेव्हा यांचा हात ताटावर होता. मला वाटलं, आता उचलतील, ढकलतील, आणि इथूनही नकार ऐकायला मिळेल.

उचललं. खाली ओल्या खोबऱ्याची कातळी, बोटाएवढी. एक कोपरा चावलेला.

मी कातळी ठेवली नव्हती आणि तो कोपराही चाळीस वर्षांत विसरून गेली होती. दत्ताराम काय पण ठेवायच्या आधी एक कोपरा चावून बघायचा, खवट निघालं तर देणार नाय. मी त्याला उष्टं देतो म्हणून ओरडायची. वाकून बघितलं... चाव्याच्या मधोमध एक उभी धार तशीच राहिलेली. समोरचा दात नसलेल्या माणसाचा चावा.

हे कातळीकडे बघत राहिले. मग इतक्या हळू बोलले की मला वाटलं भास.

"इलो." म्हणजे, आला.

कातळी तोंडात घातली, सावकाश चावली. ताट सुलटं केलं, पुढे सरकवलं आणि माझ्याकडे न बघता बोलले, "वाढ गो."

डाळ-भात, दुधीची भाजी, एक पोळी. स्वतःच्या हाताने जेवले. मी वाढत राहिली. जेवण झाल्यावर हे उठले, धरून धरून नळावर गेले, ताट धुतलं. पोळीचा एक तुकडा राखला होता, तो टेबलावर ठेवला आणि वर ताट उपडं घातलं.

मी रडणारी बाई नाय. संपात नाय रडली. त्या दिवशी स्नेहलच्या खांद्यावर... जाऊ दे.

मग मी शोध लावायला बसली. स्वयंपाकीणबाई बोलली, इथे अर्ध्या माणसांना डॉक्टरांनी खोबरं बंद केलंय, आम्ही नारळ आणतच नाय. स्नेहलची पिशवी मी तिच्यासमोर उलटी केली, वही, पाण्याची बाटली, बिस्किटं. तिचे दात बघितले, शालनचे बघितले, सगळे जागेवर. तिथल्या म्हाताऱ्यांचीही तोंडं बघून आली. कोणाच्या कवळ्या, कोणाचं साफ बोळकं. एक आजोबा बोलले, काय ओ, घोडा विकत घेताय काय? शालन बोलली, वेणी घालताना माझी पाठ होती पण कोण आलं असतं तर पाय वाजले असते. मी स्नेहलला विचारलं, तू एवढ्या जागा बघितल्यास, असं कुठे बघितलंस? ती बोलली, कुठेच नाही. त्या दिवशी तिने वहीत फक्त एवढं लिहिलं, मनीषाने नंतर वाचून दाखवलं — बाबा जेवले.

यांना तिथेच ठेवलं. लालबागवरून मी रोज बसने जायची, भरवायला नाय, नुसती बघायला. दीड वर्ष जेवले, अंग भरलं. कातळी परत कधी आली नाय, आणि यांनी परत वाट बघितली नाय. पण जेवण झालं की तुकडा ठेवायचे, ताट उपडं घालायचे. शालन सांगायची, सकाळी तुकडा नसतो आणि मी ताटाला हात लावत नाय. उंदीर असेल, मी बोलली. ती बोलली, उंदीर खाऊन परत ताट उपडं घालून जातो काय? ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं नाय, म्हणून मी त्याची खात्री देत नाय. कातळीची देते.

मग एक दिवस हे दुपारी जेवून, ताट धुवून, पलंगावर पडले तसेच गेले. नळी नाय, काय नाय. हात मोकळे, छातीवर ठेवलेले.

मनीषा बोलते, कोणीतरी बाहेरचं आलं असेल, प्रसादाची कातळी असेल. असेल. पोरगा बोलतो, आई, तुला तो चावा तसा वाटला. असेल. मी सगळ्यांचं ऐकून घेते. आता मी उत्तर शोधत नाय. स्नेहल अजून येते कधी कधी, माझं नाव तिने वहीत लिहून ठेवलंय. मला काय आवडतं, कशाला मी नाही म्हणते, सगळं विचारून घेतलंय.

ताट माझ्याकडे आहे. फळीवर उपडं ठेवलंय. खाली काय आहे ते मी बघत नाय. माझी पाळी सुटली की उचलीन.