पप्पांनी पोसलेली शेवटची डुकरं

नंदाखालला आमच्या केळीच्या वाडीमागे पप्पा डुकरं पाळायचे. लग्नाकार्याला, सणाला गावातले लोक त्यांच्याकडूनच डुकराचं मटण न्यायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी चार डुकरं जेवणासाठी बाजूला काढली. मी म्हटलं, मटण बाहेरून मागवू.

झालं होतं असं, की ऑफिसातल्या मैत्रिणीला मी घरचं मटण दिलं होतं. तिच्या फ्रीजरमध्ये ते काही दिवस राहिलं आणि चरबीला खवट वास सुटला. तिनं ते टाकून दिलं. पप्पांनी कारण विचारलं तेव्हा मी तोडून बोलले, "तुमचं मटण लोकांपुढे ठेवायची मला लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. हॉटेलांतलं उरलेलं तेलकट अन्न आम्ही डुकरांना घालायचो. डॉक्टर म्हणाले, तसल्या तेलानं चरबी मऊ पडते, लवकर खवट होते. ते कमी करा, मका आणि कोंडा वाढवा, आणि कापायच्या आधीचे दोन महिने खाण्यात ई जीवनसत्त्वाची पावडर घाला. मटणाचा रंग टिकेल, वास लवकर धरणार नाही.

खाणं उकळलेलं असायचं आणि पावडर गरमात घालायची नव्हती. म्हणून पप्पा खाण्याच्या पिंपाशी बसून राहायचे, मधूनमधून हात बुडवून बघायचे आणि गार झालं की मोजून घालायचे. मी कामाला निघायचे तेव्हा ते तिथंच असायचे. "आता मटणाला वास यायचा नाही," असं एकदा म्हणाले. मी घाईत होते. हो म्हटलं आणि निघाले.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना पप्पा डुकरांच्या खोपीपाशीच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

लग्न पुढे ढकलू, असं मी म्हटलं. मम्मी ऐकेना. चर्चमध्ये लग्नासाठी आमची नावं पुकारून झाली होती, आणि ही डुकरं त्यांनी तुझ्यासाठीच पोसली, असं ती म्हणत राहिली. उरलेले दिवस पावडर मी घातली. पहिले दोन दिवस डुकरं माझ्या हातचं खायला पुढेच येईनात.

आदल्या दिवशी सकाळी काकांनी डुकरं कापली. दुपारीही परातीतलं मटण ताजं लाल दिसत होतं. तुझ्या बापानं असं मटण आजवर दिलं नव्हतं, असं काका म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले. लग्नात पाहुण्यांनी मागून मागून खाल्लं. मी माझं ताट न खाताच बाजूला ठेवलं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी मम्मीला विचारलं, माझं बोलणं पप्पांना लागलं होतं का. ती नाही म्हणेल, असं मला वाटत होतं.

"लागलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी जेवले नाहीत. पोरगी खरं तेच बोलली, असंही म्हणाले."

संध्याकाळी मी एकटीच कबरस्तानात गेले. त्यांच्यापाशी बसून माफी मागितली. बराच वेळ मागत राहिले.