परवानगी माझ्या फोनवर आली
धानाची रोवणी करून घरी आले, पायांचा चिखलही धुतला नव्हता, तर दहावीतली माझी लेक फोन घेऊन समोर उभी. ती झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी फार गोड म्हणते. त्याचे व्हिडिओ तिला एका ॲपवर टाकायचे होते. पण आता म्हणे कायदा आलाय, अठराच्या आतल्या पोरांना आईबापाची परवानगी लागते. ती मागणारा मेसेज माझ्या फोनवर आला होता.

"आई, इथी फक्त 'हो' दाबाचं हाय."

"काऊन दाबू? जगभरचे लोक तुह्या तोंडाकडे पाहत बसतीन."

तिनं समजावून पाहिलं. मी ऐकणारी कुठली! खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तसं पोरीसमोर कबूल करायला जीभ रेटत नव्हती. 'नाही' म्हणणं सोपं पडलं. तिचे बाबा बल्लारपूरला कामाला, शनिवारी येतात. तेही फोनवर म्हणाले, तुझं तू पाहा.

पोरगी रुसली. दोन दिवस गाणं बंद, बोलणं बंद, ताटातला भात अर्धा तसाच. मी भांडी आदळत होते. पण ती बोलली नाही की मला घरात करमत नाही, हेही खरंच.

तिसऱ्या दिवशी सिलिंडर नोंदवायचा होता, तर फोन पासवर्ड मागत बसला. शेवटी तिलाच हाक मारली. तिनं गुमान येऊन पासवर्ड टाकला, अन् माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोन सुरू करून दिला तिनं, सगळे पासवर्ड ठेवले तिनं, आणि मी धानाच्या बांधीत, शेतात असते तेव्हा शाळेतून आल्यावर तो घरी तिच्याजवळच असतो.

"मंग तूच काऊन नाई दाबलं वं? मले का मालूम पडलं असतं?"

ती खाली पाहत म्हणाली, "तुले विचारलं होतं ना."

माझ्या लग्नाची सुपारी फुटली तेव्हासुद्धा मला कोणी विचारलं नव्हतं, बाबांनी तारीख तेवढी सांगितली होती. मी तिला जवळ बसवलं.

"मले त्यातलं काई समजत नाई. एकेक ओळ वाचून सांग."

तिनं सगळं वाचलं. कोण पाहील, नको त्याला बंद कसं करायचं, सगळं. मी चार ठिकाणी अडवलं, ती चिडली नाही. मग तिनं फोन माझ्या हातात दिला, आणि मी 'हो' दाबलं.