बोळातली रेघ

समुद्राचं नाव काढलं की आजबी माझं टाळकं सरकतं. लोक म्हणत्यात, तुला फुकटात कोकण घडलं, मग बोंबलतीस कशाला? फुकटात? अहो, त्या फुकटापायी आख्खी वस्ती दोन वॉर्डात फुटली आमची.

राहू गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची वस्ती. मधनं एक बोळ, दोन्ही अंगाला घरं. गावठाणात दारोदार नळ, आन् आम्ही बाया हंडे घेऊन कालव्यावर. का, तर पंचायतीत आमचं माणूस न्हाई. म्हणून औंदा मी उभी राहायचं ठरवलं. बचत गटाची मी अध्यक्ष, वस्तीची मतं एकगठ्ठा, पडायचा सवालच न्हवता. तेवढ्यात वॉर्डाचा नवा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला. रेघ बराबर आमच्या बोळातनं! माझं घर एका वॉर्डात, समोरचं जावेचं दुसऱ्यात. मी हरकतीचा अर्ज लिहिला, घरोघर फिरून सह्या-अंगठे घेतले. सोमवारपतोर दौंडला तहसीलात द्यायचा होता.

गुरुवारी आप्पा आले. आप्पा म्हंजी गावचे पुढारी, सगळ्या निवडणुका त्यांच्याच हातात. गटाच्या बायांना बस करून कोकणात नेतो म्हणाले, तीन दिवस, रिसॉर्टात मुक्काम. रविवारी माघारी. बाया हरखल्या, आन् खरं सांगते, मीबी हरखले. समुद्र कुणी बघितला होता आमच्यात?

रविवारी दुपारी वाळूत पापलेटाचं जेवण झालं आन् आप्पा म्हणाले, अजून एक दिवस राहू. मी म्हणलं, माझा अर्ज हाय उद्या. त्यांनी मोबाइल बघितल्यासारखं केलं.

"ताई, मुदत वाढली आठ दिवस. निवांत राहा."

आन् मी गाढवीण निवांत राहिले! हातात फोन होता, एका माणसाला विचारलं न्हाई. सोमवारी ऑफिसं बंद व्हायच्या वक्ताला मी कंबरभर पाण्यात हासत उभी होते. त्या हासण्याचा मला आप्पांपेक्षा जास्त राग येतो.

मंगळवारी तहसीलात गेले तर मुदत वाढलीच न्हवती. क्लार्कनं अर्ज हातातसुदिक घेतला न्हाई. आप्पांना जाब विचारला तर म्हणाले, मला तसा निरोप होता. निरोप म्हणं! धादांत खोटं बोलताना माणसाची पापणीबी हालू नये?

निवडणुकीत मी पडले. बोळाच्या पलीकडनं आप्पांची सून निवडून आली. सांजच्याला जाऊ रडवेली होऊन आली. तुझ्या वॉर्डाच्या मशीनवर माझं नाव नसणार, असं वीसदा समजावून सांगितलं होतं तिला, तरी मतदानाला ती माझंच नाव हुडकत बसली. मागनं लोकं ओरडाय लागली, तवा घाबरून तिनं पहिलं बटण दाबलं. ते आप्पांच्या सुनेचं होतं.

मी तशीच तडक सुनेच्या मिरवणुकीत घुसले आन् आप्पांना रस्त्यातच आडवी गेले. सगळ्यांसमोर म्हणलं, "समुद्र दाखवलात, आता वस्तीला नळ दाखवा."

आप्पांनी गुलालाचा हात झटकला. आवाजबी चढवला न्हाई.

"तुमचं घर आमच्या वॉर्डात येत न्हाई, ताई. तुमच्या मेंबरला विचारा."