साडूचं ब्लूटूथ

जगातली कुठलीही वस्तू ती बनवणाऱ्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळते असं समजणारी माणसं यवतमाळात गल्लोगल्ली आहेत. पण ती वस्तू उघडायची, होती त्याहून वाईट करून ठेवायची आणि मग बनवणाऱ्याच्या अकलेची कीव करत पोटभर जेवायचं, हे सगळं एकट्यानं करणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. एका सरकारी कार्यालयात इमारतींचे नकाशे काढता काढता तो निवृत्त झाला. त्या इमारतींच्या सावलीतून मी अजूनही जरा घाईनं चालतो. आम्ही दोघेही घाटंजीकडच्या तांड्यांवरचे, घरात गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलणारे. पण एखाद्या यंत्राचा अपमान करायचा असला की साडू वऱ्हाडीत उतरतो. गोरबोलीत तेवढी धार येत नाही, असं त्याचं मत आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो म्हणून तो मला ‘मास्तर’ म्हणतो, आणि हा शब्द त्याच्या तोंडून ‘बिनकामाचा’ या अर्थी निघतो.

उन्हाळ्यात सगळं यवतमाळ कुलरपुढे पडलेलं असतं. साडूचा कुलर साडूपुढे उघडा पडलेला असतो. एका वर्षी त्यानं कुलरला कुठूनसा एक दांडगा पंप आणून बसवला. नेमके त्याच दिवशी त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. पंपानं गवताच्या जाळ्या सोडून मुलाच्या वडिलांना भिजवलं. ते बिचारे सदरा पिळत उभे राहिले, आणि साडू शांतपणे म्हणाला, “बाहेर एवढी आग पडून राह्यली, अन् ह्याईले पाणी चालत नाही.” ते स्थळ मोडलं. साडूनं त्याचं खापर त्या माणसाच्या प्रकृतीवर फोडलं. वस्तूबरोबर येणारं माहितीपत्रक तो कधी वाचत नाही. “कंपनीवाले ते भ्या दाखवाले लिहितेत,” असं म्हणून तो त्यावर शेंगदाणे घेऊन बसतो.

या माणसाच्या बैठकीत एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याचा एका बाजूचा पत्रा साडूनं कायमचा काढून ठेवला आहे, कारण आत हवा लागली पाहिजे. हवेबरोबर धूळ, पाल आणि एकदा तर चिमणीनं आणलेलं गवतही आत गेलं होतं. नवा घ्या म्हटलं की साडूला वैयक्तिक दुःख होतं. फोनवर बोलताना माणसाचा चेहरा पाहणं हा त्याला आचरटपणा वाटतो. फोन हा कानाला लावायचा असतो. त्यामुळे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीशी दर रविवारी जे बोलणं व्हायचं, ते या कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

आता माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीविषयी, म्हणजे साडूच्या बायकोविषयी सांगायला हवं. आम्ही त्यांना ताई म्हणतो. ताईंना बरीच वर्षं कमी ऐकू येतं. ज्याला ऐकू येत नाही तो मोठ्यानं बोलतो, तशा त्याही बोलतात; त्यांनी चहाला हाक मारली की शेजारचेही कप शोधतात. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं बसवली. समोरच्या माणसाचं बोलणं त्यांना कळू लागलं, पण कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येणारा फाटका आवाज काही उमगेना. मुलगी बोलायची, ताई हसून मान डोलवायच्या, आणि मग साडू मुलीच्या लांबलचक बोलण्याचा सारांश ताईंच्या कानाशी ओरडायचा: “सगळं ठीक हाये म्हणते.” माझ्या वर्गातल्या कुठल्याही नापास पोरानं याहून बरा सारांश लिहिला असता.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मी तिथेच बसलो होतो. मुलगी नेहमीपेक्षा हळू बोलत होती. कंपनीनं बरीच माणसं कमी केली आणि त्यात तिचीही नोकरी गेली, असं ती सांगत होती. याचा सारांश साडूकडे नव्हता. ताई मात्र सवयीनं हसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “छान झालं, बाई. लई छान झालं.” “याडी, नंतर बोलते,” मुलगी आईला म्हणाली आणि पडदा काळा झाला. ताईंनी आमच्याकडे वळून विचारलं, “काय झालं? काहून गेली ते?” साडूनं काय झालं ते त्यांना सांगितलं. कानाशी ओरडून नाही, समोर बसून सांगितलं. ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि त्या संध्याकाळी त्या घरात मोठा आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू माझ्या दारात उभा. कानाचं यंत्र देणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की कॉम्प्युटरला नव्या पद्धतीचं ब्लूटूथ असलं तर आवाज सरळ यंत्रात उतरतो. तेव्हा साडूनं ते थट्टेवारी नेलं होतं. आता त्याला ते आजच हवं होतं. आम्ही बसस्टँडजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आमच्या कॉम्प्युटरचं वय ऐकलं आणि नवाच घ्यायचा सल्ला दिला. साडू म्हणाला, “माणूस म्हातारा झाला तर नवीन आणता का तुम्ही?” मग दुकानदारानं वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही एकातच असलेलं कार्ड काढून दिलं आणि बसवूनही देतो म्हणाला. हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. साडू डबी उचलून चालू लागला. मी जाता जाता विचारलं, पडद्यावर बोलणं लिहून येतं म्हणतात, तसं काही नाही का? दुकानदारानं विचारलं, “मराठी ना?” मी म्हटलं, “गोरबोली.” त्यानं नकारार्थी मान हलवली.

घरी येऊन साडूनं कार्ड बसवलं. बसवलं म्हणजे आधी कॉम्प्युटरच्या मागची पट्टी पकडीनं उपटली, मग कार्ड खाचेत असं दाबलं की टेबल कुरकुरलं, आणि दोन अँटेना लोखंडी कपाटाला टेकवून उभ्या केल्या. इंटरनेट खरोखर वेगानं धावू लागलं. साडूनं स्वतःसाठी चहा मागवला. ब्लूटूथचा मात्र पत्ता नव्हता. त्यानं आधी कार्ड बनवणाऱ्यांचा उद्धार केला, मग कानाच्या यंत्राचा, शेवटी पुणे शहराचा. तोवर मी शेंगदाण्यांखालचं माहितीपत्रक झटकून वाचलं. कार्डाबरोबर आलेली बारीक वायर आतल्या मोठ्या पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, खिळ्यांना जोडली नाही, तर ब्लूटूथ चालू होत नाही, असं त्यात चित्रासकट दिलेलं होतं. ती वायर साडूनं फालतू म्हणून बाजूला काढली होती आणि खिडकीचा पडदा बांधायला वापरली होती.

मी चित्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते बघितलं, पडदा सोडला, वायर जोडली आणि म्हणाला, “मले मालूम होतं. तुमाले समजते का, ते पाहून राह्यलो होतो.”

रविवारी मुलीचा चेहरा पडद्यावर आला आणि तिचे ओठ हलले. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. “बिघडलं,” असं म्हणत साडूनं पेचकस उचलला. पण ताई खुर्चीत ताठ झाल्या होत्या. त्यांनी एक हात वर करून त्याला थांबवलं आणि दुसरा हात कानापाशी नेला. मुलगी बोलत राहिली, फार वेळ बोलत राहिली. ताईंनी मधेच काहीतरी विचारलं, गोरबोलीत आणि इतक्या हळू, की मला नीट कळलंही नाही. मुलीनं उत्तर दिलं आणि डोळे पुसले. ताईंनी पदरानं तिच्याऐवजी स्वतःचे पुसले.

साडू अवघडून उभा होता. पहिल्यांदाच त्याच्या घरात त्याच्या मुलीचं बोलणं त्याला सोडून चाललं होतं. मी त्याच्या कानाशी म्हटलं, “साडभाऊ, एक बटण दाबलं की स्पीकरवरही येते.” त्यानं माझं मनगट धरलं.

“राहू द्या, मास्तर. मायशी बोलून राह्यली ते.”

आम्ही बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. साडूच्या हातात पेचकस होता, पण उघडायला जवळ काही नव्हतं. आतून ताईंचा आवाज येत होता, मऊ आणि जरासा लाजरा. इतक्या वर्षांत मी तो ऐकला नव्हता. साडू रस्त्याकडे पाहत होता.

“लगन झालं तवा अशीच बोले ते,” तो म्हणाला. “मी विसरलोच होतो.”