आधी पंखा लावू

तांबे गेल्याचा फोन त्यांच्या घरून वहिनींनी केला, तेव्हा मी ठाणे कोर्टाच्या व्हरांड्यात पुढच्या तारखेसाठी ताटकळत होते. पोटाचा कॅन्सर होता, बरेच महिने परळला उपचार चालू होते, असं त्या म्हणाल्या आणि मग थबकून विचारलं, "म्हणजे तुम्हालाही बोलले नव्हते?" नव्हते. दर बुधवारी हायकोर्टात काम असतं, एवढंच त्यांनी मला सांगितलेलं. इतकी वर्षं एका खोलीत टेबलाला टेबल लावून आम्ही वकिली केली आणि या माणसाने आपलं दुखणं माझ्यापासूनसुद्धा झाकून ठेवलं, याचा मला आधी राग आला. रडू नंतर आलं. आता काही आठवडे लोटलेत. राग निवलाय, पण ते मला का बोलले नाहीत, हा विचार काही पाठ सोडत नाही...

आमचं ऑफिस भाईंदरला, केबिन रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या माथ्यावर. एकाच गाळ्यात मधे प्लायवूड ठोकून पलीकडे इस्टेट एजंट, अलीकडे आम्ही. त्याने चहा फुंकला तरी आम्हाला ऐकू यायचं. मी भाडेकरूंच्या, घटस्फोटाच्या केसेस बघायची. यशवंत तांबे कारखानदारांचे तंटे. कॉम्प्युटरच्या गुन्ह्यांचा कायदा नवा होता तेव्हा त्यांनी तो हौसेने वाचून काढला. ईमेल पुरावा म्हणून दिला की कोर्ट विचारायचं, याचं ओरिजिनल कुठाय? तांबे घसा कोरडा होईपर्यंत समजावत राहायचे. भाईंदरमध्ये कोण येणार तुमच्याकडे हे असलं घेऊन, म्हणून मीही त्यांना चिडवायची. पण लोक आले. कुणाचा सायबर कॅफेतून पासवर्ड चोरलेला, कुणाच्या मुलीचा फोटो नंबरासकट कुठल्या साइटवर टाकलेला. खुर्चीत टेकून ते आवाज खाली आणायचे, की तांबे हात वर करायचे. "थांबा, आधी पंखा लावू."

कोपऱ्यात एक जुना उभा पंखा होता. त्याची जाळी अशी खडखडायची, की प्लायवूडपलीकडे एक शब्द जाणं शक्य नव्हतं. भर थंडीतही तो लागायचा. अशिलांना वाटायचं, वकिलांना उकाडा सहन होत नाही. नया नगरच्या एक बाई तर दर खेपेला सरबताची बाटली आणायच्या. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की मात्र अशिलाचं तोंड बंद. मग तांबे क्रिकेट, मुलांच्या शाळा, काय वाट्टेल ते बोलत बसायचे. वीज आल्याशिवाय केसचा विषय काढायचा नाही. आणि पंखा लावूनही माणूस गप्प बसला, तर त्याला विचारायचं नाही, नुसतं थांबायचं, हे त्यांनी मलाही शिकवलं होतं.

स्टीलच्या भांड्यांचे एक कारखानदार त्यांचे मोठे अशील होते. ऑर्डरी बघणाऱ्या बाईने गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्या कारखान्याला मेल केली, अशी तक्रार घेऊन शेठ आले. सोबत तिच्या कॉम्प्युटरवरून काढलेल्या सगळ्या मेल्सचा गठ्ठा. त्यात नवऱ्याच्या मारहाणीबद्दल तिने बहिणीला लिहिलेलंही होतं. शेठना तो अख्खा गठ्ठा कोर्टात हवा होता, म्हणजे बाई घाबरून नमली असती.

"शेठ, काम की मेल एक ही है," तांबे म्हणाले. "वो लगाऊंगा. बाकी नहीं."

"कंप्यूटर तो मेरा है ना?"

"कंप्यूटर आपका है. बातें उसकी हैं."

शेठ कागद उचलून दुसऱ्या वकिलाकडे गेले. त्याने सगळं दाखल केलं. चार लोकांनी चवीने वाचलं, बाईने नोकरी सोडली आणि गावही सोडलं. कारखानदार एकमेकांना विचारूनच वकील धरतात. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले. मी वैतागून म्हटलं, "काय मिळवलंत तुम्ही? व्हायचं ते झालंच की."

"माझ्या हातून नाही झालं, मॅडम. एवढंच." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यानंतर मी त्यांना फारसं ताजंतवानं कधी बघितलं नाही.

शेवटची भेट जानेवारीतली. संध्याकाळी ते आले, खूप वाळले होते. आपल्या जागी न बसता त्यांनी कोपऱ्यातला पंखा लावला आणि माझ्या टेबलापुढे, अशिलाच्या खुर्चीत बसले. मी हातातलं काम बाजूला सारलं. विचारलं काहीच नाही, थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, ओठ ओले केले... आणि वीज गेली. जाळीची खडखड मंदावत थांबली. पलीकडे एजंट कुणाला तरी वन बीएचके समजावत होता, ते लख्ख ऐकू यायला लागलं. तांबे हसले. "राहू दे आता," म्हणाले, आणि भिंतीला धरून जिना उतरून गेले. वीज आली तेव्हा पंखा आपला आपण सुरू झाला.

केबिन रोडवर अजून वीज जाते. पंख्याचं बटण मी बंद करत नाही. वीज परत येते, जाळी खडखडायला लागते, आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून समोरच्या खुर्चीकडे बघत थोडा वेळ थांबते.